तिसऱ्या तळ्याची हद्द

‘निसर्गाच्या सान्निध्यात मनुष्याचा अहंकार गळून पडतो.’ दौलतराव नाझरांच्या सहलीच्या नोटिशीचे हे पहिले वाक्य. दर मार्गशीर्षात ही नोटीस दिवाणी कचेरीच्या व्हरांड्यात लिलावाच्या जाहिरातींशेजारी लागे, आणि खाली हुद्द्यासकट दोन ओळी व्यापणारी त्यांची सही असे. सहलीत कुणाचा अहंकार गळून पडलेला मी पाहिला नाही. मफलर मात्र बरेच गळून पडत. ते माकडे नेत.

आमचे वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तो जिल्हा आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात. आम्ही कुठेच गेलो नाही. मी कचेरीत नकला उतरवणारा कारकून होतो आणि दौलतराव नाझर, म्हणजे जप्ती, ताबा, समन्स असला कारभार पाहणारे अंमलदार. लोकांच्या दारात उभे राहून वाईट बातमी मोठ्या आवाजात वाचणे हे त्यांचे काम. ते त्यांनी इतकी वर्षे केले होते की चांगली बातमीही ते त्याच आवाजात सांगत. मुन्सफांना, म्हणजे आमच्या न्यायाधीशांना, मुलगा झाला तेव्हा त्यांनी कचेरीत ते जाहीर केले, आणि पक्षकारांच्या बाकावरची एक म्हातारी रडायला लागली.

उंच, खांद्यात जरा वाकलेला देह. काळा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि बाराही महिने खांद्याला पाण्याची छागल. जाड कॅनव्हासची ती पिशवी सारखी पाझरे, त्यामुळे कोटाची डावी बाजू कायम ओली आणि पांढरट झालेली. बाहेरगावच्या कामात तहान लागते म्हणून ती बाळगतात, असा नव्या माणसांचा समज होई. कारण वेगळे होते, त्याकडे येतोच.

कुठलीही जागा चतुःसीमेशिवाय त्यांच्या डोळ्यांना दिसत नसे. न्हाव्याचे दुकान कुठे, असे विचारले तर ते म्हणत, “पूर्वेस सार्वजनिक नाली, पश्चिमेस गफूर शिंप्याचा ओटा, उत्तरेस सदर रस्ता, दक्षिणेस वादग्रस्त भिंत.” माणूस चक्रावून गफूरकडेच पुन्हा विचारायला जाई. एकदा त्यांचे पोट दुखत होते, तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी वरच्या बाजूस बरगडी, खालच्या बाजूस बेंबी, असा तपशील दिला. डॉक्टरांनी औषध दिले आणि इतका नेमका आजार सांगणारा रोगी दुसरा नाही, हे कबूल केले.

ताब्याच्या कामातली त्यांची एक गोष्ट कचेरीत नवीन माणसाला आवर्जून सांगत. केनवडकडच्या एका गावात दोघा भावांच्या घराची वाटणी करून द्यायची होती. दवंडी झाली, पंच जमले, चुन्याची रेघ ओढायची वेळ आली, तर नेमकी रेघेवर भावांची म्हातारी आई खाट टाकून पडलेली. ती उठेना. भाऊ एकमेकांवर ओरडू लागले. दौलतराव शांतपणे उन्हात उभे राहिले, दुपार कलली तरी म्हातारी उठली नाही, तेव्हा त्यांनी लिहिले : ‘हद्दीवर एक खाट. खाटेवर वादीची व प्रतिवादीची आई. ती हलत नाही. सबब हद्द खाटेखालून.’ वरिष्ठांनी ते मान्य केले. मी त्या कागदाची नकल उतरवली आहे, आणि त्यात एकही शब्द कमी करण्यासारखा नाही.

त्यांच्या पत्नी वारल्या त्या दिवशी लाकडे कुठे न्यायची, असे कुणीतरी विचारले. दौलतरावांनी ओट्यावर उभे राहून स्मशानाच्या चारही सीमा सांगितल्या. आवाज तोच. संध्याकाळी आंघोळ करून ते कचेरीत आले, तिजोरीच्या किल्ल्या मुन्सफांच्या हाती दिल्या आणि परत गेले. लोक म्हणाले, दगड आहे. गफूर शिंपी त्यांचा एकुलता एक दोस्त. तो बटण लावता लावता म्हणाला, “दगड नाई भाऊ. हा मानूस रडनं तहकूब ठेवते.”

मागे राहिली एक मुलगी, कुसुम. तिचे लग्न त्यांनी घाटाखाली वडगावला करून दिले. वाशीम-मेडशीकडचे आम्ही घाटावरचे. मेडशीच्या जंगलापलीकडे कडा तुटतो आणि खाली अकोल्याकडचा सपाट मुलूख लागतो. वडगाव कड्याच्या अगदी पायथ्याशी. घर खाऊनपिऊन सुखी होते, जावई शांत होता. नडले ते भाषण.

लेक दिलेल्या घरचे, तिला मूल होईपर्यंत, बापाने पाणीही घेऊ नये, अशी आमच्याकडे जुनी रीत होती. तोवर बहुतेकांनी ती सोडून दिली होती. पहिल्या भेटीत नको म्हणायचे आणि दुसऱ्या भेटीत चहा प्यायचा, एवढीच उरली होती. दौलतराव रीतीभातीचे माणूस नव्हतेच. ईदेला गफूरकडे बसून शीरखुर्मा खात, श्राद्धाच्या दिवशी दौऱ्यावर जात. पण लग्नात जेवणाआधी त्यांना चार शब्द बोलायला सांगितले. ते उठले, कोट सारखा केला आणि म्हणाले, “या कन्येस अपत्य होईपर्यंत सदर गृहातील, सदर ग्रामातील व सदर ग्रामाच्या शिवारातील पाणी मी वर्ज्य मानीन.”

टाळ्या पडल्या. रीत घरापुरती होती. गाव आणि शिवार त्यांनी स्वतःच्या अधिकारात जोडले. व्याही हात जोडून म्हणाले, “येवढं कायले नाझरसाहेब? चहा तं घेसान.” दौलतराव म्हणाले, “जाहीर झालं.”

मग मूल झाले नाही. एक वर्ष गेले, दुसरे गेले, पुढची मोजायचे आम्ही थांबलो. वडगावात थांबले नव्हते. दौलतराव दिवाळीला, संक्रांतीला लेकीकडे जात. छागल घेऊन. ओट्यावर बसत, सर्वांची खुशाली त्या जप्तीच्या आवाजात विचारत, मग बूच काढून भर ओट्यावर आपले पाणी आपण पीत. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन ते पाहत. कुसुमच्या पोटी अजून काही नाही, हे गावाला कळायला दुसऱ्या दवंडीची गरज नव्हती.

एकदा ती माहेरी आली असताना मी काही कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. ती चुलीपासून उठली नाही, तिथूनच म्हणाली, “बाबा, तुमी एक तं येत जाऊ नका, नाई तं पानी प्या.”

“शब्द दिला आहे.”

“शब्द तुमी देल्ला. मोजनं माह्यं होते.”

दौलतरावांनी कागदावर सही केली आणि मला विचारले, शाई दोनदा का पसरली. ती त्यांच्या हातून पसरली होती.

त्यानंतरच्या मार्गशीर्षात पहिली नोटीस लागली. तोपर्यंत त्यांच्या तोंडी निसर्गाचा उल्लेख ‘पाण्याचा नैसर्गिक निचरा’ एवढ्यापुरताच आला होता. आता ‘वनविहार मंडळ’ निघाले, एक वकील अध्यक्ष झाले आणि पहाटेच्या सर्व्हिस मोटारीने आम्ही मेडशीला उतरलो. तिथून पायी जंगलातून तीन तळी, आणि शेवटी तो कडा. मेडशीची माणसे त्या कड्याला माकडखोरी म्हणत. नोटिशीत ‘दर्शनस्थळ’ असे. या सगळ्या योजनेचे मर्म गफूरने पहिल्याच दिवशी ओळखले. वडगावहून एक पायवाट चढून तिसऱ्या तळ्यापाशी येते. कुसुम त्या वाटेने वर येई, सोबत तिच्या नवऱ्याची आत्या असे. तळ्याकाठी बापलेकीची भेट होई. लेकीचे दार नाही, ओटा नाही, बघायला समोरच्या बायका नाहीत. दौलतरावांना पाण्याचा प्रश्न टाळायला सबंध जंगल लागले.

दोन-तीन वर्षे हे असे चालले. मग ती थंडी आली.

त्या वर्षी मेडशीला उतरलो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ निघत होती. गवत दवाने पांढरे झाले होते. सागाची पाने गळून वाटेवर पडलेली, किड्यांनी खाऊन नुसती जाळी उरलेली. पायाखाली पापडासारखी मोडत. धावडे, सालई, मधूनच मोहाचे झाड. माझ्या हाताची बोटे बधिर झाली होती. हातातली वांग्यांची पिशवी दोनदा पडली आणि दोन्ही वेळा मला आवाजावरून कळले. अध्यक्ष पुढे चालत थोडे इंग्रजी बोलत होते, झाडांना उद्देशून.

गफूर वडगावच्या आठवडी बाजारात शिवणाचे कापड घ्यायला जाई, त्यामुळे तिकडची बातमी त्याच्याकडे असे. पहिले तळे मागे टाकल्यावर त्याने दौलतरावांना गाठले. मी मागेच होतो.

“नाझरसाब, पोरीनं निरोप धाडला.”

“काय?”

“आत्याबाईनं घरात सांगतलं म्हने. बापानं आज पोरीच्या हातचं पानी घेतलं, तं आमी अजून थांबतो. नाई तं पौष सरला का दुसरी पोरगी पाहाले जातो. त्या घरात आत्याबाईचाच शब्द चालते, तुमाले मालूम आहे.”

दौलतराव चालत राहिले. मग म्हणाले, “हे तोंडीच आहे का?”

“नाई तं काय, मोहोर मारून आनू?”

“पाण्याचा आणि मूल होण्याचा काही संबंध नाही, गफूर.”

“हे मले नका सांगू. भाषन मी देल्लं होतं का?”

दुसऱ्या तळ्यावर थांबायचा रिवाज होता. पाणी काचेसारखे, काठाला पाणकोंबड्या. अध्यक्षांनी काश्मीरचा उल्लेख केला; ते अकोल्यापलीकडे गेलेले नव्हते. दौलतराव थांबले नाहीत. ते सरळ पुढे गेले, आणि तिसऱ्या तळ्याच्या अलीकडे शेंदूर फासलेला शिवेचा दगड आहे, तिथे उभे राहिले. त्या दगडापासून वडगावचे शिवार सुरू होते. दरवर्षी ते तिथे छागलीचा पट्टा एकदा घट्ट करत. आजही केला.

तळ्याच्या काठी एक मोठी जांभूळ होती. तिच्याखाली आत्याबाई घोंगडी पांघरून बसल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही. पंच म्हणून बोलावल्यावर माणूस बसतो तशा त्या बसल्या होत्या. कुसुम उभी होती. तिने हिरवे लुगडे नेसले होते आणि हातात पितळेचा गडवा होता, राखेने इतका घासलेला की त्यात उन्हाचा डोळा दिसत होता.

आमच्यापैकी काहींनी लांब बसून गोवऱ्यांचा विस्तव केला आणि त्यात रोडगे भाजायला टाकले. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे; ते निखाऱ्यात ठेवले की पाऊण तास कुणाला काही काम नसते. त्यामुळे सगळे तिकडेच पाहत होते.

कुसुमने गडवा तळ्यात बुडवला, भरला, पदराने पुसला आणि बापासमोर धरला. “दूरून आले. पानी घ्या, बाबा.”

दौलतरावांनी गडव्याकडे पाहिले नाही. ते तळ्याकडे पाहू लागले. “पूर्वेस वडगावची चराई,” ते म्हणाले. “पश्चिमेस शिवेचा दगड. उत्तरेस कड्याची उतरण. दक्षिणेस राखीव जंगल.”

“नाझरसाब,” गफूर तिकडून ओरडला, “तळं आहे. जप्ती नाई.”

“म्हणजे हे तळं वडगावच्याच शिवारात पडतं,” दौलतराव म्हणाले.

“पडू द्या ना,” कुसुम म्हणाली. “शिवार तुमीच घातलं होतं भाषनात. आता तुमीच काढा.”

मग मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचे कचेरीची भाषा सोडून बोलताना ऐकले. “मले काढता येत नाई, माय. चार लोकात जाहीर झालं.”

“चार लोकं जेवून गेले बाबा, कवाच. कोनाच्या ध्यानात बी नाई. तुमच्याच आहे.”

ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. गडव्याच्या बुडातून थेंब पडत होते. दौलतरावांचा उजवा हात वर आला. मला वाटले, घेतात. हात खांद्याकडे गेला, छागलीचे बूच निघाले आणि त्यांनी आपले पाणी प्यायले. बरेच प्यायले. तहान खरीच असावी.

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “राहू दे वं कुसुम,” त्या म्हणाल्या, “तुहा बाप शब्दाचा पक्का आहे. आमाले काय समजत नाई का?” आवाजात कुचेष्टा नव्हती. त्यांना हवे ते त्यांनी पाहिले होते.

कुसुमने गडवा जांभळीच्या बुडाशी ओतला. जांभळीला त्याची गरज नव्हती, तिची मुळे तळ्यातच होती. मग गडवा पदराखाली घेऊन ती आत्याबाईंच्या मागे पायवाट उतरू लागली. वळणावर तिने मागे पाहिले असावे, असे गफूर म्हणतो. मी पाहिले नाही. रोडगे करपल्याचा वास आला होता आणि मी तिकडे धावलो होतो.

जेवण झाले. वांग्याची भाजी चांगली झाली होती आणि सगळ्यांनी ते एकमेकांना सांगितले. दुपारी आम्ही कड्यावर गेलो. खाली धुके विरून गेले होते आणि तो सगळा मुलूख उघडा पडला होता : कापसाची पांढुरकी शेते, तुरीचे हिरवे पट्टे, मधून गेलेली बैलगाडीची वाट, अगदी पायथ्याशी वडगाव. अध्यक्षांनी दौलतरावांना बोलायची विनंती केली. मला वाटले, आज नको म्हणतील. त्यांनी नेहमीचे भाषण केले. निसर्ग, सान्निध्य, अहंकार. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. भाषण संपल्यावर त्यांनी खाली बोट केले आणि म्हणाले, “उत्तरेस देऊळ, दक्षिणेस चिंच, पश्चिमेस खळे. मधोमध टिनाचे घर.” कुणी विचारले नव्हते. टिन उन्हात चमकत होते. पायवाटेने उतरणारे दोन ठिपके कुठे दिसतात का, ते मी पाहत होतो, दिसले नाहीत. दौलतराव, बाकीचे निघाले तरी, टोपी हातात घेऊन तसेच उभे होते. गफूरने त्यांच्या कोटाला धरून ओढले, “चला, मोटर चुकन.” ते आले.

पौष सरला. वडगावच्या मंडळींनी दुसरी मुलगी पाहिली आणि आणली. कुसुम एक ट्रंक घेऊन बापाकडे आली. एक बायको असताना दुसरी करायला मनाई करणारा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, आणि आमचे अध्यक्ष उत्साहाने म्हणाले की मी ही केस फुकट लढवतो. दौलतरावांनी मुलीला विचारले. मी आणि गफूर तिथेच होतो.

“कायद्यात तरतूद आहे,” ते म्हणाले.

“साक्षीले कोन उभं राहीन?” कुसुम तांदूळ निवडत होती. “तुमी? तिकडच्या बैठकीत काय बोलले, मालूम आहे का? जन्म देल्ल्या बापानं पानी घेतलं नाई, आमी तं परके. कोर्टात बी हेच बोलतीन. मंग तुमी काय सांगसान, तळ्याच्या चार बाजू?”

गफूरने तेवढ्यात खोकला काढला.  केस झाली नाही.

पुढे बापलेक एका घरात राहू लागली. ती सकाळी त्यांना पाणी देई आणि ते पीत. माहेरच्या पाण्याला कुठलाही शब्द आड येत नव्हता. दोघांचे भांडण झाल्याचे शेजाऱ्यांनी कधी ऐकले नाही. बोलणे झाल्याचेही फारसे ऐकले नाही. कुसुम मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागली. त्यासाठीचे कातरकाम गफूरने तिला शिकवले आणि तिची कात्री आपल्यापेक्षा सरळ चालते, असे तो सांगत सुटला.

मार्गशीर्षात नोटीस लागली. पहिले वाक्य तेच. आता तिकडे जायचे कारण उरले नव्हते, म्हणून आम्हाला आश्चर्य वाटले. पण कुणी विचारले नाही. अध्यक्ष आले नाहीत, माणसे थोडी होती. कुसुम आली. घरी बसून काय करू, म्हणाली.

त्या दिवशी थंडी बरी होती. पहिले तळे गेले, दुसरे गेले. शिवेच्या दगडापाशी दौलतराव थांबतील म्हणून आम्ही पाय आवरले, पण ते थांबले नाहीत. जांभळीखाली कुणी नव्हते. त्यांनी छागल उतरवून खाली ठेवली. ती भरलेली होती. सकाळी मीच भरून दिली होती. टोपी काढली, कोट काढला, नीट घडी घालून दगडावर ठेवला. मग काठावर गुडघे टेकून ओणवे झाले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी प्यायले. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. इतकी वर्षे कोटाखाली असलेली ती पाठ मी प्रथमच पाहत होतो. फारच बारीक होती.



कुसुम त्यांच्या मागे उभी होती. “आता काहून, बाबा?”

“तहान लागली,” दौलतराव म्हणाले. मान खालीच होती, त्यामुळे पुढचे काही बोलले असतील तर ते आम्हाला ऐकू आले नाही. बराच वेळ ते तसेच राहिले. मग तिने हात दिला आणि ते उठले.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, लव्हाळ्याआड, वडगावच्या म्हशी डुंबत होत्या. सोमवारी नाझरसाहेब कचेरीत आले नाहीत. किरकोळ रजेचा अर्ज आला होता. कारण लिहिले होते : जुलाब.